पाताळविहिरीची समाप्ती

वाण्याच्या दुकानातल्या रद्दीशी मी बोलत नाही. उद्या आपणही तिथेच जाऊ अशी धास्ती वाटते. तुमच्याशी मात्र बोलते. मी एक चित्रकथा. नाव ‘पाताळविहीर, भाग पहिला’. पुण्यात छापली गेले, चार रंगांत, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. अमडापूरच्या वाचनालयाचे उद्धव मास्तर नवे वाचक शोधत होते. जुने वाचक म्हणजे वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपणारे चार-पाच जण. खामगावच्या दुकानात मास्तरांनी मला उभ्याउभ्याच वाचून संपवलं आणि पिशवीत घातलं. मला वाटलं, चला, नशीब उघडलं!

कसलं काय! वाचनालयाचे अध्यक्ष शेषराव मला पाहून भडकलेच. “मास्तर, हे काय आनलं? फोटूचं पुस्तक मोठ्या मानसानं वाचाचं असते का? बाजाराच्या दिवसापर्यंत हे घरी नेनारं एक मोठं मानूस दाखवा. नाही तं देतो वान्याले, शेंगदान्याच्या पुड्या होतील.”

शेंगदाण्याच्या! माझ्या चार रंगांत!

मास्तरांनी मला त्या झोपणाऱ्यांपैकी मोतीरामांच्या हातात दिलं. त्यांनी बोटाला थुंकी लावून भराभरा पानं उलटली आणि “झालं पाहून” म्हणून तिथल्या तिथे परत केलं. मी रडलेच असते, पण शाई पसरली असती.

शेवटी मास्तरांनी मला खुद्द शेषरावांच्या बायकोला, सुलभावहिनींना दिलं. वहिनींना वाचनाचं भारी वेड. पण ते चातुर्मासाचे दिवस. दुपारी सुनेच्या हातात पोथीखेरीज काही दिसलं की सासूबाई नाक मुरडायच्या. म्हणून वहिनींनी मला पोथीच्या लाल फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवलं.

तिथेच घात झाला. सासूबाई सत्यभामाबाईंना अक्षरओळख नव्हती. नवी पोथी आली असं समजून त्यांनी मला फडक्यासकट चौरंगावर मांडलं, शेजारच्या बायका बोलावल्या, हळदकुंकू वाहिलं आणि दरवेळच्या नेमाप्रमाणे समाप्तीपर्यंत चहा सोडला. मग फडकं सोडलं. आत मी!

वहिनींचं तोंड उतरलं. बायका “व माय!” करून पदराआड हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सत्यभामाबाई काही हसल्या नाहीत. “हळदकुंकू वाहून झालं, नेम धरून झाला. आता उठता येत नाही. वाच व सुलभा.”

वहिनी वाचू लागल्या. पण पोथीला एक वाचणारा लागतो आणि एक अर्थ सांगणारा. माझा अर्थ सांगायला कुणी पुढे येईना. तेवढ्यात सत्यभामाबाईंनी माझ्या चित्रावर बोट ठेवलं.

“थांब. ही चंद्रकळा. भाऊ विहिरीत पडला म्हून दोर बांधून उतरून राह्यली. अन् हा मामा. गोड बोलते, पन डोये पाह्य त्याचे! दोर हाच कापते का नाही पाह्य.”

मामाची करणी बऱ्याच पानांनंतर होती, बाईंनी ती आधीच हेरली. जन्मभर त्यांनी दुसऱ्याच्या अर्थावर मान हलवली होती. आज त्या सांगत होत्या आणि बायका माना हलवत होत्या. खरं सांगते, मला भरून आलं.

तिसऱ्या दुपारी, बाजाराच्या दिवशी, शेषराव मला न्यायला आले. “घरचं मानूस मी हिशेबात धरत नसतो. आई, दे ते इकडं.”

“अध्याय अर्धा टाकून? बस खाली!”

अध्यक्ष बसले. थोड्या वेळानं पुढे सरकले. आणखी थोड्या वेळानं शेजारीणबाई म्हणाल्या, “भाऊ, डोकं बाजूले घ्या, दिसून नाही राह्यलं.”

शेवटच्या पानावर मामा दोर कापतो, चंद्रकळा अधांतरी, आणि खाली छापलेलं, ‘पुढील कथा भाग दुसऱ्यात.’

“झालं,” वहिनी म्हणाल्या.

“काय झालं? पोरगी लटकून राह्यली ना! समाप्ती नाही तं चहा नाही.”

शेषराव पांढरेफटक पडले. बिनचहाची आई त्यांनी नुकतीच भोगली होती. गड्यापासून गायीपर्यंत कुणी शिव्यांतून सुटलं नव्हतं. सकाळच्या गाडीनं ते स्वतः खामगावला गेले आणि भाग दुसरा घेऊन आले. गाडीत वाचूनही आले, कारण दारातूनच ओरडले, “आई, जित्ती हाये बरं पोरगी!”

“तुले इचारलं कोनं? सारी मजा घालवली मेल्यानं!”

समाप्ती झाली, चहा झाला. दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई मला परत करायला वाचनालयात आल्या. तिथे बाई कधी आली नव्हती. वर्तमानपत्रं खाली आली.

“मास्तर, मले वाचता येते असं अजून एखादं काढा.”

“आई,” शेषराव हळूच म्हणाले, “तुले वाचता कुठी येते?”

“दोन पुस्तकं वाचली ना मी! तू नव्हता का बसेल तिथं?”

शेषराव मग उठले आणि आपली खुर्ची आईकडे सरकवली.

आता माझी शिवण उसवलीय, कोपरे दुमडलेत. नवीन चित्रकथा येतात, मला कोपऱ्यात ढकलतात. चालायचंच. फक्त एक ऐका. त्या बाईला वाचता येत नव्हतं, असं माझ्यासमोर कुणी म्हणू नका.