भुरक्याचा डबा

रुद्राणीच्या तोंडी लागू नका, असं लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत शेंबडं पोरगंसुद्धा सांगायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाई मनानं चांगली, पण एखादी गोष्ट पटली नाही की समोर कोण बसलंय हे बघायची नाही. सासर लिंगायत व्यापाऱ्याचं. तिथं सुनेनं व्यवहारात तोंड घातलं की थोरल्यांच्या कपाळाला आठ्या. पण या सुनेनं धंदाच असा उभा केला होता की तिला गप्प बस म्हणायची सोय राहिली नव्हती.

धंदा भुरक्याचा. लाल तिखट, ठेचलेला लसूण, शेंगदाण्याचा कूट आणि वरून कडकडीत तेल. लातूरकडच्या माणसाच्या ताटात भुरका नसला तर तो जेवलाच नाही असं समजायचं. घराच्या गच्चीवरच्या दोन खोल्यांत शिकवणीला आलेली पोरं राहायची, कुणी देवणीचं, कुणी भोकरचं, एक तर पार इस्लापूरहून आलेलं. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं आणि सगळेच मेसच्या पाणचट वरणाला कावले होते. रुद्राणीनं एकदा दया येऊन वाटीभर भुरका वर पाठवला. पोरांनी वाटी चाटूनपुसून परत केली आणि शिकवणीत बोभाटा केला. मग काय, होस्टेलाहोस्टेलातून मागणी यायला लागली. रुद्राणी आणि तिची थोरली जाऊ मंजुश्री, दोघी सकाळची न्याहारी उरकली की कुटायला बसायच्या. नाव सासरच्या दुकानाचं, हात या दोघींचे.

घोडं अडलं ते पॅकिंगवर. सुरुवातीला भुरका पातळ पिशवीत बांधून जायचा. तेल पिशवीला जुमानतंय होय? एका पोराचं जीवशास्त्राचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल झालं. तेव्हा रुद्राणी करीमच्या दुकानात गेली.

करीमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कल्हईचा धंदा. घराघरात स्टील आलं, कल्हईचा धंदा बसला, तसे करीमनं प्लॅस्टिकचे डबे मांडले. त्यानं दोन नमुने पुढं ठेवले. एक काचेसारखा आरपार, चकचकीत. दुसरा दुधट, पाणी घातलेल्या दुधासारखा. पहिला बाटलीच्या प्लॅस्टिकचा, स्वस्त, त्यात भुरक्याचा रंग उठून दिसतो आणि वासही जास्त दिवस टिकतो, पण उष्णतेपुढं तो टिकत नाही, असं त्यानं सांगितलं. दुसरा टिफिनच्या प्लॅस्टिकचा, बुडावर त्रिकोणात पाचचा आकडा. उकळतं घाला, हूं का चूं करत नाही. पण महाग, दिसायला मंद, आणि त्यात भुरका जरा लवकर खवट होतो. रुद्राणीनं दुधट डबा उचलला. करीम हसला.

"भाभी, तुम्हाला भुरका विकायचाय का डबा?"

"दोन्ही. भुरका पंधरा दिवसांत संपतो, करीमभाई. डबा घरात राहतो."

करीमला हे कळायला वेळ लागला नाही, त्याच्याही घरात तेच होतं. आपल्याकडं डबा टाकतो कोण? भुरका संपला की डबा धुवून फळीवर जातो. मग त्यात साखर, मग मीठ, मग एक दिवस कढत आमटी. पोरं तर मेसमधून गरम वरण आणायला तेच डबे न्यायची. रुद्राणीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात घर पडलं तेव्हा पितळेची, तांब्याची सगळी भांडी दगडांखाली चेपली. पत्र्याच्या शेडमध्ये मदतीत आलेले रिकामे प्लॅस्टिकचे डबे, हाच संसार. त्यातल्याच एका डब्यात आईनं चुलीवरची पेज ओतली. डबा हातातल्या हातात आक्रसला आणि पेज मांडीवर आली. भूकंपात अंगावर ओरखडासुद्धा न आलेली बाई एका डब्यानं भाजली. त्या मांडीवरचा डाग रुद्राणीनं कितीतरी वेळा तेल लावून चोळला होता. डब्याचा विषय निघाला की तिला तो डाग आठवायचा, आणि डाग आठवला की तिचं तोंड सुटायचं. आता याला कुणी हट्ट म्हणो.

दुधट डब्यातला भुरका वर्षभर बरा चालला. मग शिवप्पा आले. शिवप्पा म्हणजे मंजुश्रीचे वडील, उदगीरचे ठोक व्यापारी, या घराचे व्याही. लातूर आणि नांदेड दोन्हीकडच्या होस्टेलांच्या दुकानांना माल घालायचं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यात हा भुरका हवा होता. एवढी मोठी ऑर्डर या घरानं बापजन्मी पाहिली नव्हती. थोरला दीर अमरनाथ, म्हणजे शिवप्पांचा जावई, तर हवेतच होता. गच्चीवर पत्रे टाकून कारखाना करायचा, कुटायचं मशीन आणायचं, चार बाया ठेवायच्या, असे त्याचे बेत चालले होते. रुद्राणीलाही ऑर्डर हवी होती, का नको असेल? हात दुखून रात्री झोप यायची नाही तिला. आपल्या हातचा भुरका नांदेडला जाणार म्हणून ती दोन दिवस कुणाशी भांडलीसुद्धा नाही.

शिवप्पा आले ते पिशवीत आरपार डब्यांचे नमुने घेऊन. बैठकीत सतरंजीवर त्यांनी ते ओळीनं मांडले. गिऱ्हाईक डोळ्यांनी घेतं, त्याला आतला लाल रंग दिसला पाहिजे, तुमचा तो मळकट डबा दुकानात कुणाच्या नजरेत भरायचा नाही, असं त्यांनी समजावलं. त्यात चूक नव्हतं काही. माल जास्त दिवस टिकेल हेही खरं. रुद्राणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की माल टिकवायची गरजच नाही, ताजा कुटू, थोडा थोडा पाठवू. पण डबा हाच. पोरं यात गरम घेतात.

शिवप्पांनी चष्मा काढला. "बाई, झाकण उघडलं की आपला संबंध संपला. पुढं लोक त्यात काय घालतात, आपण कशाला बघायचं?"

"तुमचा संपतो, अण्णा. बाईचा तिथून सुरू होतो."

 नवरा बसवंत कान खाजवत खिडकीबाहेर बघायला लागला, तो असल्या वेळी नेहमी तिकडंच बघायचा. शिवप्पांनी तरी समजुतीनं घेतलं. बुडावर छापून टाकू, गरम घालू नये म्हणून, असा मध्यममार्ग त्यांनी काढला. रुद्राणीनं विचारलं की तुमच्या घरात आजवर कुणी डब्याचं बूड वाचलंय का. तेव्हा मात्र म्हातारा चिडला.

"एवढीबी अक्कल नसलेल्या बाईची जबाबदारी मी घेऊ का?"

अमरनाथनं विषय तोडला आणि पानं वाढायला सांगितली. पण रुद्राणीला त्यानं स्वयंपाकघराच्या दारात गाठून ठणकावलं. डबा मामा म्हणतील तोच. जमत नसेल तर भुरका दुसरीकडून कुटून घेऊ, नाव दुकानाचं आहे. रुद्राणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन वर्षांची मेहनत हा माणूस एका वाक्यात घेऊन चालला होता. तिला लई राग आला, भीतीही वाटली, आणि भीती वाटली याचा आणखी राग आला.

जेवण हुग्गीचं होतं. कुटलेला गहू, गूळ, वर तूप. मंजुश्रीच्या हातच्या हुग्गीसाठी आपण उदगीरहून येतो असं शिवप्पा गमतीनं म्हणायचे. मंजुश्रीची आई गुडघ्यांनी जागची उठू शकत नव्हती, म्हणून प्रत्येक वेळी बापाबरोबर आईसाठी डबा भरून जायचा. लेकीच्या घरून रिकाम्या हातानं जायचं असतं होय? म्हातारी वाट बघत बसायची.

जेवणं झाली. शिवप्पा हात पुसत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले, लेकीचा निरोप घ्यायला. मंजुश्रीची घाई चालली होती. रोजचा डबा मोरीत खरकटा पडलेला. समोर ओट्यावर बैठकीतून आणून ठेवलेला एक नमुना होता, आरपार, नवा कोरा. आईला जरा चांगल्या डब्यात जाईल, एवढाच तिनं विचार केला. पातेल्यातली वाफाळती हुग्गी पळीनं भरली आणि डबा उचलला.

रुद्राणीनं ते मोरीपाशी बसून पाहिलं. क्षणभर गप्प राहिली असती तरी तिचं म्हणणं आपोआप खरं ठरलं असतं. पण तसलं गणित तिच्या डोक्यात शिरलंच नाही. खरकटा हात तसाच घेऊन ती उठली आणि जावेच्या हातातला डबा तिनं झटक्यात ओट्यावर ढकलला. डबा तोवर मऊ पडला होता. बघता बघता तो आक्रसला, एका अंगाला कलला आणि हुग्गी ओट्यावरून खाली ओघळायला लागली. मंजुश्रीची दोन बोटं तेवढी लाल झाली. रुद्राणीनं ती धरून घागरीतल्या पाण्यात बुडवली.

शिवप्पांचा चेहरा उतरला. पण माणूस व्यापारी, चारचौघांत खाली बघायची सवय नाही. जे बोलू नये तेच ते बोलले. कढत घालायची वस्तू आहे का ती, शिकलेल्या लेकीला एवढं कळू नये का, असं म्हणाले. चूक घालणाऱ्याची, डब्याची नव्हे.

मंजुश्रीनं मान वर केली नाही. रुद्राणी मात्र सरळ उभी राहिली.

"अण्णा, भुरका गेला तर माझ्याच डब्यात जाईल."

"मग ऑर्डर गेली म्हणून समज."

"गेली."

एवढंच म्हणाली आणि पदरानं हात पुसले. अमरनाथ कपाळाला हात लावून मटकन बसला. भुरका दुसरीकडून घेऊ, मामा, तुम्ही मनावर घेऊ नका, असं काहीबाही पुटपुटत राहिला. शिवप्पा दाराशी गेले, चपला घातल्या आणि सवयीनं पिशवीचं तोंड उघडून लेकीपुढं धरलं. तिच्या हातात आता दुधट डबा होता. तिनं त्यात हुग्गी नव्यानं भरली होती, डबा बाहेरून पुसला होता, झाकण दाबून बसवलं होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, या बाईनं बापापुढं कधी उलट शब्द काढला नव्हता.

तिनं डबा पिशवीत घातला नाही. मागं वळून फळीवर ठेवला.

"अप्पा, ज्या बाईला अक्कल नाही म्हणालात, ती मी हाय. भुरका मीबी कुटते. तिच्या डब्याशिवाय मी कुटणार न्हाई, इथंबी न्हाई अन् दुसरीकडंबी न्हाई." तिनं बापाच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडं बघितलं. "आईला सांगा, हुग्गी केली होती. तुमच्या पसंतीच्या डब्यात ती राहिली न्हाई."

शिवप्पा रिकामी पिशवी धरून तसेच उभे राहिले. जिन्यावरून शिकवणीची पोरं धाडधाड उतरून गेली. मग म्हाताऱ्यानं एका हातानं भिंत धरली, घातलेल्या चपला परत काढल्या आणि आत येऊन सतरंजीवर बसले. बसवंतला म्हणाले, तो मळकट डबा जो विकतो, त्याला बोलावून आण.