उतरवलेल्या इंजिनाचा जळफळाट

मी एक इंजिन बोलतोय. सध्या कुठल्याच गाडीत नाही, म्हणून बोलायला सवड आहे.

एका जुन्या मोटारीत मी जन्मापासून होतो. गिअरबॉक्स माझ्या पाठीला लागूनच. मालकीणबाईंना सगळं गॅरेज मावशी म्हणायचं, म्हणून मीही मावशीच म्हणतो. सकाळी सुरू व्हायला मी जरा नखरे करायचो. मावशी चोक ओढायची आणि म्हणायची, "पुरे झाला तुझा रुसवा." ते ऐकायलाच तर मी रुसायचो.

पुढे तिचा डावा गुडघा दुखायला लागला. क्लच दाबवेना. आमचा मेकॅनिक उस्ताद म्हणाला, "मावशी, क्लचची कटकट नसलेला गिअरबॉक्स बसवू. पण तो या इंजिनाला जुळायचा नाही. दोन्ही बदलावी लागतील."

"गाडी विकण्यापेक्षा ते बरं," मावशी म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बॉनेट निघालं, तेल उपसलं, वायरी सुटल्या. साखळीच्या कप्पीने आम्हा दोघांना उचलून जुन्या टायरवर ठेवलं आणि माझ्या जागी तो नवा आत उतरला. अंगाने आडवा, बसेना. तर उस्तादने त्याच्यासाठी पत्रा कापला, बॅटरी हलवली, बैठका नव्या बनवल्या. माझा साधा वॉशर बदलायचा तर म्हणायचा, "बघू पुढच्या वेळी." सवतीमत्सर म्हणतात तो काय असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मेला पहिल्याच चावीला सुरू झाला. मावशीने गाडी पुढे-मागे केली. डावा पाय नुसता आरामात पडलेला. ती हसली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"जुनं भंगारात देऊ का?" उस्तादने विचारलं.

मी गार पडलो.

"चालतं इंजिन आहे रे," मावशी म्हणाली. "कुणाच्या गाडीला लागतंय का बघ."

मग उस्तादचं एक गिऱ्हाईक, शाळेतले मास्तर आले. त्यांची गाडी आमच्याच जातीची, पण इंजिनाला तडा गेलेला. त्यांनी मला गिअरबॉक्ससकट घेतलं. उस्तादने मला धुतलं, पुसलं, गॅसकेटं बदलली. आता मी साखळीला टांगलेला आहे आणि खाली मास्तरांची गाडी तोंड उघडून उभी आहे. मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटतायत.

पण शेजारी जमिनीवर त्या गाडीचं जुनं इंजिन पडलंय. अंगावरचं फडकं सरकलंय आणि ते माझ्याकडे टक लावून बघतंय. मास्तरांची बायको उस्तादला सांगतेय, "जपून उतरवा हो याला. आधीच्यानं फार छळलं आम्हाला."

बाबा रे, मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण या बाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. मावशीही माझ्याबद्दल असंच काहीतरी बोलत असेल, आणि तो नवा ऐकत असेल.