सिंहांची तोंडं

मला कुणीही सांगितलं नव्हतं. नदीचं पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दरवाजाघराची डागडुजी माझ्याकडे होती. भेगा भरायच्या, कमानीवरची दगडी वेलबुट्टी घासायची, बस्स. पण नदीकडच्या भिंतीवर आठ दगडी सिंह, आणि आठांच्याही तोंडातून शेवाळी ओघळ! एवढी देखणी भिंत आणि हे लाळ गाळत बसलेत. माझं डोकंच फिरलं. आठही तोंडं सिमेंटनं बुजवली आणि वर हौसेनं जिभा कोरल्या. गवंड्याचे हात शिवशिवायला लागले की अक्कल घरी राहते.

ते दार चालवते माझी थोरली बहीण. आठवडाभरानं धो धो पाऊस लागला, नदी फुगली. ताईनं बटण दाबलं, दार वीतभर उचललं आणि अडकलं. दाराच्या वरच्या अंगाला आमची गल्ली आहे आणि तिथं तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेली आई. पाणी तुंबलं तर पहिल्यांदा आमच्याच घरात शिरणार.

"अरे, इकडे ये आधी!" ताई ओरडली. दाराचा भार तोलायला साखळीच्या दुसऱ्या टोकाला मोठं दगडी वजन असतं, ते नदीकडच्या भिंतीतल्या हौदात उतरतं. तो हौद पावसानं काठोकाठ भरला होता. "वजन पाण्यात हलकं पडतंय, दार उचलणार कसं? एरवी हे पाणी जातं तरी कुठून?"

कुठून जातं ते मला बरोबर ठाऊक होतं.

परांची अजून उभी होती. छिन्नी-हातोडा घेऊन चढलो. पहिलं तोंड फुटलं आणि पाण्याचा लोट थेट छातीवर. दुसरं, तिसरं... सातव्याला ताईची हाक आली, "उठलं रे, दार उठलं!" तेवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन. पाणी आमच्या घराच्या दुसऱ्या पायरीवरून मागं फिरलं होतं. आई गाढ झोपेत. मी परांचीवरच बसून लाज सोडून रडलो. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पाहणीला खात्याचे साहेब आले. "तोंडं फोडायचं कुणाला सुचलं?"

"माझ्या भावाला," ताई म्हणाली.

साहेबांनी माझी पाठ थोपटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण ती शाबासकी काही पचेना.

"साहेब, बुजवलीही मीच होती."

साहेबांनी पाठीवरचा हात काढून घेतला. ताईनं मात्र मोठ्ठा श्वास सोडला.

"सुटले बाई! मला वाटलं, आता हेही मलाच सांगावं लागतंय."