बांधापलीकडची विहीर

थोरल्याच्या बोअरला तीनशे फुटांवर पाणी लागलं आणि दोन वर्षांत घराचा नूर पालटला. एका पिकाची तीन पिकं झाली, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, दारात ट्रॅक्टर आला. बांधापलीकडे धाकट्या भावाची विहीर मात्र त्याच वर्षी तळाला गेली. त्याची बायको, धाकटी, दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाऊ लागली.

"ज्याचं त्याचं नशीब," थोरला म्हणायचा. त्याची बायको, थोरली, कामाला लागायची.

एका सकाळी ती वाफ्यांत पाणी सोडत असताना पाइपातून काहीतरी पडलं. चिखलात हात घालून बघते तर केसांचा लाल चाप. धाकटीचाच. मागे धाकट्याच्या विहिरीत वाकताना तो पडला, तेव्हा थोरली शेजारीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी चष्म्याची काच आली. सासऱ्यांचा चष्मा ती विहीर खणताना हरवला होता.

तिने मोटार दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो हसला. "वहिनी, खाली जाळी आहे. ज्वारीचा दाणा वर यायचा नाही, काच कुठली?"

तिसऱ्या दिवशी वीज गेली, मोटार थांबली, तरी पाइपात कुजबुज चालूच. तिने कान लावला.

"किती निघालं?"

"अर्धी कळशी."

धाकट्याचा आणि धाकटीचा आवाज. ती बांध ओलांडून पळत विहिरीवर गेली. तिथे चिटपाखरू नव्हतं. दोघंही सकाळीच कामाला गेली होती. काठावर ओणवी होऊन तिने कोरड्या तळाकडे पाहिलं आणि हाक मारली, "कोण आहे?"

उत्तर आलं नाही. आल्या पावली ती परतली, तर थोरला बोअरपाशी पांढराफटक होऊन उभा.

"तू कुठे होतीस?"

"विहिरीवर."

"अगं, तू आत्ता पाइपातून बोललीस. 'कोण आहे' म्हणालीस."

थोरला खाली बसला. "उद्याच बांधावरून पाइप टाकतो," तो म्हणाला.

चार दिवस थोरल्याचं रान, तीन दिवस धाकट्याचं, असं ठरलं. थोरल्याचं तिसरं पीक गेलं. धाकटीने मजुरी सोडून स्वतःच्या रानात कांदा लावला. विहिरीला पाणी काही आलं नाही, पण पाइपातून पुन्हा पाण्याशिवाय काही आलं नाही.

"जाऊबाई, एकाएकी एवढं मन कसं मोठं झालं?" धाकटीने एकदा विचारलंच.

"बोलत काय बसलीस?" थोरली म्हणाली. "दारं मोड, पाणी पुढच्या वाफ्यात जाऊ दे, हा फुटायला आलाय."