चार पोरं आणि मी ढेकी

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. आहे मी जुनी, बुडाशी वाळवी लागलेली, गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली. पण देवरीकडच्या आमच्या गावात चाळीस वर्षं धान कुटण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मी ढेकी आहे, ढेकी! अस्सल बीजाच्या झाडाच्या, म्हणजे बिबळ्याच्या, लाकडाची, सात हात लांब.

ज्यांनी मला कामावर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन खुंटांच्या मध्ये मला आडवं बसवतात. माझ्या तोंडाला मुसळ आणि त्याखाली जमिनीत पुरलेलं उखळ. शेपटीवर पाय दिला की तोंड वर जातं, पाय काढला की धाडकन खाली. एकीनं पाय मारायचा, दुसरीनं उखळापाशी बसून धान हलवायचं. घाव बेताचा पडला तर तांदूळ अख्खा निघतो, जास्त पडला की त्याची कणी होते.

घरातला धाकटा मुलगा टिकाराम रांगत होता, तेव्हा त्याची आई गीताबाई हिच्यासाठी सुतारानं मला घडवलं. गीताबाई मोठी शिस्तीची बाई. तिचे दोन मुलगे, दुलीचंद आणि टिकाराम, माझ्या आसपास फिरकत नसत. तांदूळ असा निघायचा की गावच्या बायका बघायला यायच्या. मलाही फार गर्व होता हो!

मग टिकारामची बायको शामकला घरात आली, आणि सात वर्षांत घराचा बाजार झाला. थोरली रुख्मिणी, तिच्यामागून भोजराज, आणि मग एकदम जुळे! शामकलेला हात किती? दोनच. तिनं जुळ्यांचा पाळणा आढ्याला टांगला आणि त्याची दोरी माझ्या शेपटीला बांधली. पाय मारला की धानही कुटलं जायचं आणि पाळणाही हलायचा. रुख्मिणी आईच्या कमरेला लोंबकळायची. भोजराज माझ्या मानेवर घोड्यासारखा बसून आगगाडीची शिट्टी मारायचा. त्याच्या वजनानं घाव जड पडायचा आणि कणीच कणी व्हायची. आधी मला राग यायचा. पण शामकला पाय मारता मारता अशी खळखळून हसायची की माझा राग कुठल्या कुठं जायचा. खरं सांगते, माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते होते.

गीताबाईला मात्र हे बघवेना. दुलीचंद गोंदियात दुकान चालवायचा. त्याला आणि त्याची बायको मंदाबाई हिला मूल नव्हतं. गीताबाईनं ठरवून टाकलं, भोजराज त्यांना दत्तक द्यायचा.

"तुले चार नाही आवरत," ती सुनेला म्हणाली. "एक तिकडं गेला त का बिघडते? शिकन, शहाणा होईन."

शामकला खाली बघून पाय मारत राहिली. टिकारामही मान खाली घालून बसला. दिवस ठरला.

आणि त्या दिवशी सकाळी काय झालं, ऐका. अक्षतांचा तांदूळ कुटायला गीताबाईनं कुणाला सांगावं? शामकलेलाच! स्वतःचा मुलगा द्यायचा, आणि त्याच्या अक्षताही स्वतःच कुटायच्या. अक्षतांना तुटका दाणा चालत नाही, म्हणून गीताबाई स्वतः उखळापाशी बसली. शामकलेनं पाय उचलला, तसा भोजराज नेहमीसारखा माझ्या मानेवर चढला आणि त्यानं शिट्टी मारली.

"उतर रे!" गीताबाई ओरडली.

"राहू द्या, माय," शामकला म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पोरगा शिट्टी मारी तशी ती हसतही होती. मीही मग मागंपुढं पाहिलं नाही. होती नव्हती तेवढी ताकद लावली!

सुपात पाखडून बघतात तर अक्षतांपुरता मूठभर अख्खा दाणा नाही. तेवढ्यात दुलीचंद आणि मंदाबाईला घेऊन बैलांची बंडी दारात आली. दुलीचंदनं ऐकलं आणि तो म्हणाला, "शेजारून आणा न! चलो, देर होऊन राहिली."

आमच्याकडे सून भासऱ्याशी, म्हणजे मोठ्या दिराशी, बोलत नाही. पदर पुढं ओढून बाजूला होते. शामकला बाजूला झाली नाही. त्याच्या समोर उभी राहिली.

"तांदूळ मिळन जी शेजारी. पण पोरगा नाही देत मी."

"भासऱ्यासमोर तोंड चालवून राहिली? लाज नाही वाटत?" गीताबाई कडाडली.

"वाटते. पोरगा गेल्यावर ते लाज घेऊन का करू? घरात गोंगाट हाये, कबूल. कणी खातो आमी, तेही कबूल. पण हा गोंगाट माहा हाये. त्यातला एक आवाज कमी झालेला मले चालत नाही."

तेव्हा कुठं टिकारामला कंठ फुटला. "दादा, माह्यानंही नाही होत."

मंदाबाई रडायला लागली. शामकलेनं तिचा हात धरला. "जाऊबाई, धान रोवण्याच्या दिवसात या. चारही तुमच्या मांडीवर टाकतो. पाहू, दोन दिवस टिकता का!" मंदाबाई रडता रडता हसली. दुलीचंदनं मात्र पाणीही घेतलं नाही. रिकामी बंडी परत गेली.

संध्याकाळी त्याच कणीची पेज झाली.  गीताबाईनं भोजराजला मांडीवर घेतलं, एक घास भरवला, आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "टिकारामच्या आंधी मले एक पोरगी झाली होती. सासरा म्हणे, माह्या बहिणीले दे. देली. तवा माह्या तोंडातून शब्द नाही निघाला. ते हसते कशी, हेही मले माहीत नाही."

ही गोष्ट मी घरात येण्याआधीची. मलाही तेव्हाच कळली.

मित्रांनो, आता गावोगावी धानाच्या गिरण्या झाल्या आहेत. मला चुलीत घालायचं तर खुशाल घाला, मी हूं की चूं करणार नाही. पण तुमच्या आईला कोणी म्हणालं ना, की तुला पोरं आवरत नाहीत, तर खेळ टाकून घरी पळा, आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहा.