दोन रानांचा बाप

बसगाड्यांच्या वर्कशॉपमागे, जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी उभं असलेलं झाड बोलतोय मी. माझ्या जातीचं दुसरं झाड इथून दिसतसुद्धा नाही. आमचं एक रान उगवतीला, एक मावळतीला. दोन्ही कोसभर लांब. कुण्या पाखरानं बी टाकलं आणि मी इथे रुजलो.

वर्कशॉपच्या मिस्त्रीनं मला रोपट्यापासून पाहिलंय. माझ्या फांदीला शर्ट अडकवून तो सावलीत डबा खायचा. मला फुलं भरभरून यायची, फळ मात्र एकही नाही. बाकीचे हसायचे, "मिस्त्री, तुमचं झाड नुसतंच नटतं!"

"नटू दे की! तुमच्या बापाचं काय जातं?"

तो माझी बाजू घ्यायचा, पण मी मनातून ओशाळायचो.

मग गाड्या उभ्या करायला जागा पुरेना. साहेबांनी माझ्या बुंध्यावर चुन्याची फुली मारली. सोमवारी करवत येणार होती.

मिस्त्री हात पुसत साहेबांसमोर उभा राहिला. "एवढं एक राहू द्या, साहेब."

"अहो, ना फळ, ना बी. कुणाच्या उपयोगाचं आहे ते?"

मिस्त्री परत येऊन माझ्या फुलीवरून हात फिरवू लागला. साहेबांचं म्हणणं मलाही खरंच वाटलं.

शनिवारी दुपारी झाडांचा अभ्यास करणाऱ्या बाई धापा टाकत आल्या. मागच्या वर्षी त्यांनी तपासणीसाठी माझी चार पानं आणि दोन्ही रानांतल्या रोपांची पानं नेली होती. फुली पाहताच त्या ओरडल्या, "याला हात लावू नका! दोन्ही रानांतली झाडं आपापल्या नात्यातच बी धरून खंगत चालली आहेत. त्यांची रोपं वर्षभरात मरतात. जी तगली, त्यांतल्या निम्म्यांचा बाप हा आहे!"

"पण याला फळच धरत नाही," साहेब म्हणाले.

"धरेल कसं? नर झाड आहे हे. याचे पराग मधमाश्या नेतात. फळं धरतात तिकडच्या माद्यांना."

मिस्त्री माझ्या बुंध्यावर थाप मारून खो खो हसला. "लबाडा! दोन-दोन घरं, आणि आम्हाला पत्ता नाही!"

साहेबांनाही हसू आवरेना. "मिस्त्री, हे टायर हलवा. गाड्या तिथे लावू."

वारा नव्हता, तरी त्या क्षणी माझं पान न् पान थरथरलं. माझी लेकरं होती! एका नव्हे, दोन रानांत, आणि ताठ उभी होती!

आज मी पुन्हा फुललोय. कुठे एकटं झाड दिसलं, तर करवत उचलण्याआधी त्याचं गणगोत कुठवर पसरलंय, एवढी चौकशी करा. आता जरा बाजूला व्हा. मधमाश्यांची वाट अडवू नका. त्यांना दोन्हीकडे जायचंय.