चार केशरी चाकू

होकानला चाकूंवर बोलायला लावू नका, असं आमच्या दुकानात सगळे म्हणतात. होकान म्हणजे मी. हेर्नोसांद गावाच्या बंदराजवळ आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथे मी एकोणीस वर्षं काउंटरवर उभा आहे. या शरद ऋतूत सरकारने घरोघरी ते पत्रक पाठवलं: युद्ध होवो, वादळ येवो, वीज जावो, प्रत्येकाने आठवडाभर स्वतःच्या बळावर राहायची तयारी ठेवावी. तेव्हापासून माझी चलती सुरू झाली. लोक पाण्याचे कॅन घ्यायचे, बॅटरीवरचे दिवे घ्यायचे आणि चाकूंपाशी येऊन गोंधळून उभे राहायचे. मी लगेच हजर.

"घडीचा नको," मी सांगायचो. "गारठलेल्या बोटांनी तो उघडत नाही, आणि सांधा ढिला झाला की बोटावरच मिटतो. हा घ्या, न मिटणारा, म्यानातला."

"महागातला घेऊ का?"

"छे! महागाचा चाकू माणूस कपाटात जपून ठेवतो. हा रबरी मुठीचा स्वस्तातला घ्या. न गंजणारं पोलाद आहे, पिशवीत वर्षभर पडून राहिला तरी चालेल. मुठीला पुढे ही कड आहे बघा, त्यामुळे बोट पात्यावर घसरत नाही. आणि रंग केशरी. बर्फात पडला तरी सापडतो."

एदला आजींनी माझं सगळं भाषण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, मला सॉसेज कापायचंय, लढाईला नाही जायचं."

"मग सॉसेज तरी दोन्ही हातांची बोटं शाबूत ठेवून कापा, आजी."

"किती घेऊ? आम्ही दोघंच."

"माणशी एक. घरातली माणसं मोजायची आणि तेवढे घ्यायचे. साधा हिशोब आहे."

हा साधा हिशोब मी दिवसातून वीस वेळा सांगत होतो. तोंड दुखेपर्यंत.

शनिवारी दुपारी मी आमच्या घरच्या, त्या पत्रकातल्या आणीबाणीच्या पिशव्या भरायला बसलो. मालिन, माझी दुसरी बायको, मेणबत्त्या आणि औषधं काढून देत होती. तिचा आठ वर्षांचा मुलगा विदार दर शनिवारी मिळणाऱ्या गोड गोळ्यांचा पुडा मांडीवर घेऊन मला मदत करत होता, म्हणजे गोळ्या खात होता. दुकानातून मी चार केशरी चाकू आणले होते. तीन पिशव्या, तीन चाकू. म्यानांवर पांढऱ्या पट्टीने नावांची पहिली अक्षरं चिकटवली: माझं, मालिनचं, विदारचं. विदारचा चाकू बोथट टोकाचा, लहान मुलांसाठीचा, पण रंगाने आमच्यासारखाच. त्याने तो गालाला लावून बघितला. चौथा चाकू मी बोटीच्या शेडसाठी जादा आणला होता. पिशव्या दारापाशी खुंट्यांना टांगल्या आणि मागे सरून बघत उभा राहिलो. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

आता खरं सांगतो. मला एक मुलगी आहे. सिग्ने, बारा वर्षांची, माझी आणि माझ्या पहिल्या बायकोची, ओसाची. आम्ही वेगळे झालो त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून ती विषम आठवडे आईकडे आणि सम आठवडे माझ्याकडे असते. आमच्याकडे तारखेपेक्षा वर्षातल्या आठवड्याचा नंबर जास्त चालतो. पिशव्या भरल्या तो पंचेचाळिसावा आठवडा होता. विषम. टेबलावर तीन ताटं होती, म्हणून मी तीन पिशव्या भरल्या. मालिनने मोजल्या नाहीत, मीही मोजल्या नाहीत. यात सबब म्हणून सांगण्यासारखं काही नाही. बोटीच्या शेडची मला आठवण झाली, मुलीची झाली नाही.

रविवारी पाच वाजता ती आली, नेहमीसारखी बसने. बूट काढायच्या आत विदारने तिला पकडलं.

"सिग्ने, सिग्ने, हे बघ! ही माझी. यात चाकू आहे, खराखुरा, पण टोक नाही. ही आईची, ही होकानची. आणि हा जादाचा, तो बोटीच्या शेडचा!"

जॅकेट अंगात तसंच ठेवून ती खुंट्यांकडे बघत राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात बटाटे सोलायची सुरी.

"पप्पा, माझी कुठेय?"

त्या क्षणी 'विसरलो ग' एवढंच म्हणायचं होतं. तो बिनअक्षराचा चाकू तिच्या हातात देऊन हसण्यावारी नेलं असतं तरी निभावलं असतं. पण विदार आधीच बोलून बसला होता, आणि मी भित्रा माणूस आहे.

"तुझी आईकडे आहे," मी म्हणालो. "आमचं तसं ठरलंय. तुझी तिकडे ठेवायची."

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ.

"अच्छा," ती म्हणाली आणि जॅकेट खुंटीला लावायला गेली. सगळ्या खुंट्या भरलेल्या होत्या. तिने ते खुर्चीवर टाकलं.

जेवणानंतर ती वरच्या खोलीत गेल्यावर मालिन हलक्या आवाजात म्हणाली, "खरंच ठरलंय का तुमचं?"

"नाही."

"अरे देवा. मीही तिथेच बसले होते, माझ्याही डोक्यात आलं नाही." तिने ताटं सिंकमध्ये ठेवली. "होकान, आत्ताच्या आत्ता वर जा आणि सांगून टाक."

"उगाच दुखावेल."

"कोण? ती की तू?"

मी गेलो नाही.

सोमवारी मी दुकानामागच्या आवारात, लाकडाच्या थप्प्यांमागे उभा राहून ओसाला फोन केला. आम्ही एरवी मेसेजवरच बोलतो: दंतवैद्य, पोहण्याचा क्लास, हातमोजे कुणाकडे राहिले. माझा आवाज ऐकून ती दचकली.

"काय झालं? सिग्नेला काही?"

"नाही नाही. ते पत्रक आलंय ना, त्या पिशव्या. तुझ्याकडे सिग्नेची आहे का?"

मागे तिचं बाळ रडत होतं. तिला आणि तिच्या नव्या नवऱ्याला, स्टाफानला, उन्हाळ्यात मुलगा झालाय.

"मला वाटलं तुझ्याकडे असेल," ती म्हणाली. "तू तर त्या दुकानातच आहेस, होकान. दिवसभर हेच विकतोस. मी आमच्या तिघांच्या भरल्या."

"बाळाचीसुद्धा?"

"बाळाचीसुद्धा."

पाच वर्षांत आम्ही एकमेकांना किती गोष्टींबद्दल धारेवर धरलं होतं, पण त्या दिवशी कुणाला तोंडच नव्हतं. मी सांगितलं की मी सिग्नेशी काय खोटं बोललो ते. वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही. ते जास्त वाईट होतं.

"गुरुवारी ती शाळेत असताना पिशवी आणून दे," ती म्हणाली. "मी कपाटात ठेवते. आधीपासूनच होती म्हणून सांगते."

म्हणजे आता दोघांनी मिळून खोटं बोलायचं. मी हो म्हणालो, आणि लाज वाटायच्या ऐवजी मला चक्क हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज मला आजही वाटते.

ती पिशवी मी अशी भरली की विचारू नका. आमच्या तिघांच्या पिशव्यांत जाडेभरडे मोजे, हिच्यात मऊ लोकरीचे. चॉकलेट दुप्पट. दिवा सगळ्यात चांगला. आणि चाकू? काचेच्या कपाटात कुलपात असतात त्यातला: भूर्जाच्या लाकडाची मूठ, कातड्याचं म्यान, खालच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने हाताने घडवलेला. गिऱ्हाइकांना मी तो कधीच सुचवत नाही. तिचं नाव मी म्यानावर तापल्या सुईने डागलं, अख्खं नाव, नुसतं अक्षर नाही. किती सुंदर झालं म्हणून मालिनला दाखवलं. तिने बघितलं आणि परत दिलं.

गुरुवारी पिशवी ओसाकडे पोचली. आठवडाभर सिग्ने आमच्याकडे नीट वागत होती, जरा जास्तच नीट. विदारला गणितं समजावून दिली, ताटं धुतली, काही मागितलं नाही. पाहुणी आल्यासारखी. मी दर संध्याकाळी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर संध्याकाळी टीव्ही लावायचो. रविवारी ती आईकडे गेली.

सोमवारी, सत्तेचाळिसाव्या आठवड्यात, शाळा सुटल्यावर ती दुकानात आली. विषम आठवड्यात ती कधी येत नाही. मी एका बाईंना दोरीचे प्रकार दाखवत होतो. ती रांगेत उभी राहिली, गिऱ्हाइकासारखी, आपला नंबर येईपर्यंत.

"मला चाकू बदलून हवाय," ती म्हणाली.

"कुठला चाकू?"

"तो लाकडी मुठीचा. घरी ठेवलाय. चाकू घेऊन बसने फिरायचं नसतं, म्हणून आणला नाही. आई शुक्रवारी गाडीने घेऊन येईल."

"आवडला नाही? अगं, दुकानातला सगळ्यात चांगला आहे तो."

"माहितेय. मला चांगला नकोय." तिने रॅककडे हात केला. "मला तो हवाय. सगळ्यांकडे आहे तो."

दोरीवाल्या बाई अजून तिथेच रेंगाळत होत्या. मी काउंटरच्या मागून बाहेर आलो. एकोणीस वर्षांत गिऱ्हाईक उभं असताना मी काउंटर सोडलं नव्हतं. सिग्नेला घेऊन रंगांच्या डब्यांमागे गेलो.

"सिग्ने, ती पिशवी आईकडे आधीपासून नव्हती," मी म्हणालो. "मी ती नंतर भरली. मी तुला विसरलो होतो. सगळ्यांच्या भरल्या आणि तुझी विसरलो. मग खोटं बोललो."

"माहितेय."

"आईने सांगितलं?"

"नाही. आई तर अजून म्हणतेय की आधीपासून होती." तिने एका डब्याचं झाकण नखाने खरवडलं. "तुझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी तिला विचारलं होतं. त्यांच्या तिघांच्या पिशव्या सोफ्यावर होत्या. म्हटलं, माझी कुठेय? तर ती म्हणाली, तुझी पप्पाकडे आहे."

म्हणजे रविवारी दारात ती माझ्याकडे तेवढा वेळ बघत होती, तेव्हा तिला तेच वाक्य दुसऱ्यांदा ऐकू येत होतं, फक्त घर बदलून. आणि ओसाने हे मला फोनवर सांगितलं नव्हतं. मी तिच्या जागी असतो तर मीही सांगितलं नसतं.

"चुकलो ग मी," मी म्हणालो. "फार चुकलो."

"हं."

"रागावलीयेस?"

तिने खांदे उडवले. मग माझ्याकडे न बघता, झाकणाकडेच बघत म्हणाली, "मला आईचा राग नव्हता आला, शनिवारी. पप्पाकडे आहे म्हणजे चांगलीच असणार, असं वाटलं. तू दुकानात आहेस ना. बसमध्ये येताना पूर्ण वेळ मी ओळखत होते, तू माझ्यासाठी कुठला रंग घेतला असशील. मला वाटलं, केशरी. बर्फात सापडतो म्हणून."

रंग तिने बरोबर ओळखला होता.